पहिला कॅमेरा

कॅमेरा घ्यायचं ठरलं आणि घरात जो तो मेगापिक्सेलवर बोलू लागला. आठ की दहा? मी हिशोब मांडला. 6 बाय 4 इंची फोटो नीट छापायला 1800 गुणिले 1200, म्हणजे साधारण 22 लाख ठिपके (पिक्सेल) पुरतात. भिंतीएवढं पोस्टर कोण लावणार आहे इथे? वन रूम किचनमध्ये भिंतच रिकामी नाही! खरं बघायचं ते ऑप्टिकल झूम. डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून ताणणं, ते कॉम्प्युटरवरही होतं.

नालासोपाऱ्याहून चर्चगेट, तिथून चालत फोर्टातला बोरा बाजार. घेतला कॅननचा पॉवरशॉट ए 480. झूम 3.3 पट, आणि मुख्य म्हणजे दोन पेन्सिल सेलवर चालणारा. सेल कुठल्याही टपरीवर मिळतात.

पहिले फोटो आमच्या नालासोपाऱ्यातल्याच बुरूड राजाच्या कोटाचे काढले. भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये इथेच उत्खनन करून बौद्ध स्तूप उजेडात आणला. लोकलला रोज लोंबकळणाऱ्या आपल्यापैकी किती जण तिथे गेलेत, देव जाणे.

तुम्हीही असा कॅमेरा घेणार असाल तर चार्ज होणारे सेल आणि चार्जर यांचे पैसे आधीच बाजूला काढा. साधे सेल फार लवकर संपतात.