निंदण, चाकवत आणि वीकेंड

दिवाळी आटोपली की कपाटातून स्वेटर बाहेर येतात आणि वाफ्यातून तण! अमरावतीहून परतवाडा, घटांग करत सेमाडोहला ताईच्या क्वार्टरवर पोचलं, की माझा वीकेंड हल्ली खुरपं हातात घेऊनच जातो. मागच्या अंगणात मेथी, कोथिंबीर, कांदा, वांगी असे चार वाफे. आणि न पेरलेली मंडळी पेरलेल्यांच्या दुप्पट.

‘तणनाशक मार ना, पाच मिनिटांचं काम,’ ऑफिसमध्ये प्रत्येकाचा हाच सल्ला. पण इथं मामला वेगळा आहे, बॉस. गव्हाच्या शेतात तण म्हणून बदनाम असलेला चाकवत ताईची कोरकू शेजारीण ओच्यात भरून घरी नेते. ‘मॅडम, हे नका फेकू, भाजी होते याची,’ हे तिचं पहिल्याच दिवशीचं वाक्य. फवारा मारला, तर तिच्या चुलीवरची भाजी जाणार. आणि औषध उडालेली पानं तिच्या पोरांच्या ताटात गेली तर? त्यामुळे आमच्याकडे निंदण हातानंच, तेही चेहरे ओळखून.

चाकवत कोवळा असतानाच काढायचा आणि ताकात शिजवायचा. हरणखुरीची मुळं खोल; तोडली तरी फुटते. ती दिसेल तेव्हा काढत राहायची, चिकाटी तिच्यापेक्षा आपली जास्त हवी. पिवळा धोतरा काटेरी, बी थेट मोहरीसारखं. १९९८ मध्ये दिल्लीत याच बियांच्या तेलाची भेसळ मोहरीच्या तेलात झाली आणि माणसं दगावली. त्याला माफी नाही.

गाजर गवताला तर नाहीच नाही. १९५०च्या दशकात पुण्यात नजरेस पडलेलं हे परदेशी पाहुणं आज देशभर पसरलंय. हाताला खाज, नाकाला शिंका. ग्लोव्हज घालायचे, ओल असताना मुळासकट उपटायचं, आणि तेही फूल येण्याआधी. एकेक झाड हजारो बिया सोडतं.

सेमाडोहला या ‘फूल येण्याआधी’ला जास्तच वजन आहे. हे गाव मेळघाट व्याघ्र प्रकल्पात आहे, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एकात. आपल्या कुंपणातलं बी वाऱ्याबरोबर, पाण्याबरोबर, बुटांच्या चिखलाबरोबर बाहेर जातं. गाजर गवत माजलं की चाऱ्याचं गवत हटतं, आणि सांबर, गवे खाणार काय? घाणेरीचं उदाहरण समोर आहेच. इंग्रजांच्या काळात बागेची शोभा म्हणून आली, आता जंगलं अडवून बसलीय.

बाकी युक्त्या साध्या. पेरणीआधी वाफा भिजवायचा, तणाला आधी उगवू द्यायचं, वरवर खुरपायचं, मगच बी टाकायचं. तीन आठवड्यांनी पहिलं निंदण, पुढे गरजेप्रमाणे दुसरं. रोपांमधल्या मोकळ्या जागेवर अंगणात पडलेल्या सागाच्या पानांचं आच्छादन. ऊन पोचलं नाही की बरंचसं तण उगवतच नाही. पाणी सगळीकडे ओतण्याऐवजी रोपाच्या बुडाशी.

दर शनिवारी अर्धा तास पुरतो. जिमपेक्षा स्वस्त आणि कंबरेला तेवढाच त्रास! कोपऱ्यातली चाकवताची दोन झाडं मात्र बियांसाठी राखलीत. शेजारणीनं तसं सांगून ठेवलंय.