तिसऱ्या दिवसाचा पाहुणा

आज पुन्हा ‘डिडाखे’ वाचायला घेतलं. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी लिहिलेलं छोटंसं पुस्तक. त्याचं हस्तलिखित १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडलं. खोटा संदेष्टा ओळखायच्या त्यातल्या खुणा इतक्या साध्या आहेत की मला त्यांचा फार आधार वाटतो. फिरता प्रेषित दारी आला, तर प्रभू आल्यासारखं स्वागत करा. एक दिवस राहू दे, गरज असेल तर दुसराही. तिसऱ्या दिवशीही हलला नाही, तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर न्यावी. पैसे मागितले तर खोटा. (दुसऱ्या गरजूंसाठी मागत असेल, तर मात्र त्याला दोष देऊ नये. हे किती न्याय्य आहे!) तो आत्म्याच्या आवेशात बोलतो, एवढ्यावर भुलू नका, त्याचं वागणं प्रभूसारखं आहे का ते पाहा.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशूही संदेष्ट्यांची फळं, म्हणजे कृती, पाहायला सांगतो. पण अमेरिकन पंथप्रमुख जिम जोन्स आठवला की मी अडखळते. त्याच्या ‘पीपल्स टेंपल’ या पंथात काळे-गोरे एकत्र बसत, भुकेल्यांना जेवण मिळे. फळं गोडच दिसत होती. लोकांनी घरं, मिळकती त्याच्या हवाली केल्या. विरोध करणाऱ्यांना शिक्षा होऊ लागली. १८ नोव्हेंबर १९७८ला गयानातल्या त्याच्या वसाहतीत, त्याच्याच हुकमावरून, ९००हून अधिक माणसं विषाने मेली. त्यात सुमारे ३०० मुलं होती. त्या मुलांनी कुणाला गुरू निवडलं होतं?

म्हणून प्रवचन कितीही भावलं, तरी मी आधी एवढं बघते: या माणसाला कुणी ‘नाही’ म्हणू शकतं का, आणि मंडळीचा हिशेब मागितला तर तो चिडतो का.