माझा आवडता गोलकीपर

माझा आवडता खेळाडू यान टोमाशेव्स्की हा आहे. तो पोलंड देशाचा गोलकीपर होता. त्याचा जन्म १९४८ साली झाला. १७ ऑक्टोबर १९७३ ला लंडनच्या वेंब्ली मैदानावर इंग्लंडशी मॅच होती. ब्रायन क्लफ नावाचे एक इंग्लिश प्रशिक्षक टीव्हीवर त्याला जोकर म्हणाले. मला लई राग आला. मी गोलात उभा राहिलो की पोरं मलापण हसतात.

इंग्लंडला जिंकायलाच पाहिजे होते. ते सारखे बॉल मारत होते, हा उड्या मारून अडवत होता. फक्त पेनल्टीचा एक गोल गेला. मॅच १-१ बरोबरीत सुटली आणि इंग्लंड वर्ल्डकपच्या बाहेर! १९७४ च्या वर्ल्डकपमध्ये त्याने दोन पेनल्ट्या अडवल्या. पोलंडचा तिसरा नंबर आला. पेनल्टी अडवणं लई अवघड असतं. मी अजून एकपण अडवली नाही.