उघड्या गाडीतून गाव पाहताना

गाव पाहायचं तर तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. वाहन उघडं असावं, ते सावकाश चालावं आणि चालवणारा त्याच गावचा असावा. इटलीतल्या फ्लॉरेन्सने हे फार पूर्वी ओळखलं. 1865 मध्ये ते शहर काही वर्षांपुरतं इटलीची राजधानी झालं, तेव्हा जुझेप्पे पोज्जी या वास्तुरचनाकाराने आर्नो नदीपलीकडच्या टेकड्यांवरून एक रुंद, वळणावळणाचा रस्ता काढला आणि 1869 मध्ये वर मायकेलँजेलोच्या नावाचा प्रशस्त चौक आखला. घोडागाडीत बसून निघालेल्याला आपलं शहर वळणागणिक थोडं थोडं दिसत जावं, अशी ती रचना आहे. आज घोडागाडीच्या जागी टप उघडलेल्या छोट्या फियाट गाड्या आल्या. चालकासह अशी गाडी भाड्याने घ्यायची आणि तास-दोन तास शहर पाहायचं, ही तिथल्या पर्यटनाची मानाची रीत आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की नांदेड आणि लातूर या आपल्या दोन शहरांत या तिन्ही गोष्टी कित्येक वर्षांपासून रोज रस्त्यावर हजर आहेत. उणीव आहे ती त्या वाहनाकडे, म्हणजे रिक्षाकडे, आणि त्या निमित्ताने आपल्या गावाकडे बघण्याच्या आपल्या नजरेत.

मराठवाड्यातल्या माणसाच्या आयुष्यात उघडं वाहन पहिल्या दिवसांपासून येतं. दवाखान्यातून सुटी झाली की कानटोपडं बांधलेलं बाळ आईच्या कुशीतून घरी येतं ते बहुधा रिक्षातच. मागच्या पिढीत त्या जागी टांगा होता, त्याआधी बैलगाडी. पुढे शाळेची रिक्षा येते, बाहेर लटकलेल्या दप्तरांची. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जाताना उघड्या टेंपोत उभं राहून वारा खाण्याचं वय येतं. दहावी झाली की कुणी अहमदपूरहून, कुणी कंधारहून लातूरला शिकायला येतो आणि गादी, पेटी, डबा घेऊन स्टँडवरून सीटच्या रिक्षाने खोलीवर पोचतो. आयुष्यात एकदा वरातीची उघडी गाडी वाट्याला येते. उतारवयात गुडघे धरून डॉक्टरकडे नेणारी पुन्हा रिक्षाच असते. या सगळ्या प्रवासांकडे नीट पाहिलं तर उघड्या वाहनाचे दोनच उपयोग आपण मानले, हे लक्षात येतं. एक पोचण्याचा आणि दुसरा दिसण्याचा. वरात, पालखी, निवडून आलेल्याची मिरवणूक, हे सगळे दिसण्याचे प्रसंग. पाहण्याचा उपयोगही आपण जन्मभर करत असतो, पण त्याची नोंद घेत नाही. रिक्षाच्या कडेला बसलेलं मूल सगळ्या रस्त्याला डोळे लावून असतं. मोठं झाल्यावर आपण त्याच जागी बसून घड्याळ बघतो. गावाची ओळख पुसट होते ती इथून.

रिक्षाचं नातंही इटलीशीच आहे. दुसऱ्या महायुद्धाने मोडलेल्या इटलीत छोट्या व्यापाऱ्याला परवडेल अशी मालवाहू गाडी हवी होती. 1948 मध्ये पियाजिओ कंपनीने स्कूटरच्या यंत्रावर तीन चाकांची 'आपे' बाजारात आणली. तिची रचना कोर्रादिनो द'अस्कानिओ या अभियंत्याची. पुढे तिचाच प्रवासी अवतार निघाला, आणि तो आज इटलीतल्या जुन्या गल्ल्यांतून पर्यटकांना फिरवतो. पुण्याच्या बजाजने पियाजिओशी करार करून स्कूटरसोबत तीनचाकीही इथे आणली. 1985 मध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि हे वाहन खुद्द मराठवाड्याशी जोडलं गेलं. नंतर पियाजिओने स्वतःचा कारखाना बारामतीला काढला, आणि 'आपे' हे नाव लातूर-नांदेडच्या खेड्यापाड्यांत घरगुती झालं. म्हणजे वाहनाचं कूळ एकच. तिकडे त्यात बसणारा शहर पाहायला बसतो, इकडे बसणारा उतरण्याची वाट पाहतो. फरक आहे तो बसणाऱ्याच्या अपेक्षेत, आणि अपेक्षा बदलणं पैशावाचूनही जमतं.

लातूरचंच घ्या. 'लातुरात पाहण्यासारखं काय आहे?' हा प्रश्न लातूरकरच सर्वांत आधी विचारतात. त्याचं उत्तर गंजगोलाईत मिळतं. फैयाजुद्दीन या नगररचनाकाराच्या आखणीवर 1917 मध्ये उभी राहिलेली ही दुमजली गोल बाजारपेठ. मधोमध अंबाबाईचं मंदिर आणि भोवताली फुटलेले सोळा रस्ते. गोलाईभोवती रिक्षाने एक सावकाश फेरी मारली तर डोळ्यांच्या आधी नाकाला बाजार कळतो. मिरचीच्या दुकानांजवळ नाक चुरचुरायला लागतं, ठसका येतो. थोडं पुढे गुळाच्या ढेपांचा गोड, किंचित आंबूस वास येतो. मग चपलांच्या दुकानांतलं नवं कातडं. सराफ्यापाशी वास संपतात आणि आवाजही खाली येतात, कारण सोन्याचा सौदा कुणी मोठ्याने करत नाही. प्रत्येक धंद्याला आपला रस्ता, ही शंभर वर्षांपूर्वीची शिस्त गर्दीतही ओळखू येते. आणखी एक गोष्ट फिरताना ध्यानात येते. डावी बाजू धरून चालण्याच्या वाहतुकीच्या नियमाने गोलाईला वळसा घातला की देऊळ सतत उजव्या हाताला राहतं. बाजाराला आलेला हमाल, दुधाचे कॅन बांधलेला मोटारसायकलवाला, क्लासला निघालेली पोरं, कुठल्याही धर्माची, घाईत असलेली माणसं नकळत एक प्रदक्षिणा घालून जातात. काचा वर केलेल्या गाडीतून याच फेरीत फक्त दुकानांच्या पाट्या दिसतील आणि पुढच्या गाडीचा मागचा दिवा.

गोलाई सोडून रिक्षा थोडी पुढे नेली की या शहराचं अलीकडचं चरित्रही रस्त्यावरच वाचता येतं. राष्ट्रकूट राजे स्वतःला ज्या लत्तलूरचे अधिपती म्हणवत, त्या जुन्या नगराशी नातं सांगणारं सिद्धेश्वराचं देऊळ आहे. तूर आणि सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेला आडत बाजार आहे. शिकवणी वर्गांच्या वस्तीत सकाळी एकदम फुटणारी मुलांची गर्दी आहे. रेल्वे स्टेशन आहे, जिथे 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून पाण्याची पहिली रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. त्या उन्हाळ्याची आठवण रिक्षा चालवणाऱ्या माणसाकडे पुरेपूर असते. कोणत्या कोपऱ्यावर टँकरची रांग लागायची, घागरी कुठवर मांडलेल्या असायच्या, हे तो हात बाहेर काढून दाखवतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंपही असाच बोलण्यात येतो. अशा शहराला 'पाहण्यासारखं काही नाही' म्हणणं म्हणजे पाहणं हा शब्द फक्त राजवाडे आणि धबधबे यांच्यासाठी राखून ठेवणं होय.

नांदेडची गोष्ट उलटी. तिथे पाहण्यासारखं आहे हे सगळ्या देशाला ठाऊक आहे, पण ते बहुतेकदा एका ठिकाणापुरतंच पाहिलं जातं. सचखंड एक्स्प्रेसने अमृतसरहून आलेला भाविक तख्त सचखंड श्री हजूर साहिबचं दर्शन घेतो. ऑक्टोबर 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला, तिथे महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात उभारलेली ही वास्तू आहे. तिच्यासमोर माथा टेकल्यावर यात्रा पुरी झाली असं वाटणं साहजिक आहे. पण गुरूंच्या त्या शेवटच्या दिवसांचं नांदेड गोदावरीच्या काठाने विखुरलेलं आहे. बंदा घाट आहे, माधोदास नावाचा बैरागी इथे गुरूंना भेटला आणि बंदा सिंग बहादूर होऊन पंजाबाकडे गेला, त्याची आठवण सांगणारा. नगीना घाट आहे, हिरा घाट आहे, शिकार घाट आहे, माळटेकडी आहे. ही ठिकाणं एका दमात चालून होत नाहीत. बसने गेलं तर ती सुटी सुटी दिसतात. रिक्षाने जाताना मधलं गावही दिसतं. वजिराबादची वर्दळ, नदीकाठचा नंदगिरी किल्ला, इतवाऱ्यातल्या गल्ल्या, एकाच चौकात मराठी, दखनी, तेलुगू आणि पंजाबी कानावर पडणं. 2008 च्या गुरुतागद्दी सोहळ्याच्या निमित्ताने या शहराचे रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले. ती सोय शहर पाहण्यासाठी वापरायची अजून राहिली आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो चालण्याचा. गाव पाहावं ते पायी, असं जाणकार सांगतात आणि ते खरंही आहे. पण पायी पाहणं हे तरुण, धडधाकट माणसाला आणि थंडीच्या दिवसांतच जमतं. पंजाबातून आलेली सत्तरीतली आजी, कडेवर मूल असलेली बाई, कुबडी घेतलेला माणूस यांना पायी फिरा म्हणणं म्हणजे तुम्ही पाहू नका म्हणण्यासारखं आहे. त्याच्या उलट बाजूचा आक्षेप उन्हाचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा वातानुकूलित गाडी सोडून उघड्या वाहनात कोण बसेल? दुपारी कुणीही बसू नये. आपली गावं उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत आणि सूर्य कलल्यावरच जागी असतात. बाजाराची, घाटाची, देवळा-दर्ग्यांची खरी वेळही तीच. उघडं वाहन आपल्याला गावाच्या वेळापत्रकावर आणतं. बंद गाडीत आपण भर दुपारीही फिरू शकतो, पण तेव्हा गाव अर्ध्या शटरआड झोपलेलं असतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रिक्षावाला म्हणजे इतिहासकार नव्हे. तो सांगेल ती सनावळी चुकेल, दंतकथा आणि घटना एक करेल, आणि भाडंही तोंड पाहून सांगेल. भाड्याचं आधी पाहू. त्यावर उपाय साधा आहे. ठरावीक फेरी, ठरावीक थांबे, थांबण्याच्या वेळेसह ठरलेला दर, आणि तो स्टेशन-स्टँडवर सर्वांना दिसेल असा लिहिलेला. माहितीचा मुद्दा मात्र नुसत्या उपायाने सुटत नाही, त्याचा विचार करावा लागतो. हिरा घाटावर बादशहा बहादूरशहाने दिलेला हिरा गुरूंनी नदीत टाकला अशी कथा आहे. नगीना घाटावर रत्नाबद्दलची तशाच वळणाची दुसरी कथा आहे. चालक या दोन्ही कथा सांगेल. त्यांना इतिहासाचा पुरावा मानायचं कारण नाही. पण रत्नापेक्षा नदी मोठी मानणारी ही शिकवण तीनशे वर्षांनंतरही इथल्या माणसाच्या तोंडी आहे, हे मात्र पुराव्याइतकंच खरं आहे, आणि ते छापील पत्रकातून कळत नाही. सनावळी पाटीवर अचूक लिहिता येते. चालकाला आठवडाभराच्या प्रशिक्षणात मोजक्या पक्क्या गोष्टी शिकवता येतात. पण कोणत्या गल्लीत पूर्वी कोणता कारखाना होता, गोदावरीचं पाणी पुरात कोणत्या पायरीपर्यंत आलं, हे सांगणारा माणूस प्रशिक्षणाने घडत नाही. तो त्या गावात जगल्याने घडतो.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गाडीत बसून माणसांचं रोजचं जगणं बघत फिरणं म्हणजे त्यांचा तमाशा करणं नव्हे का? कष्ट करणाऱ्याकडे बसून बघण्यात उद्धटपणा नाही का? बंद गाडीबद्दल हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. काळ्या काचेमागून आपण सगळ्यांना पाहतो आणि आपल्याला कुणी पाहत नाही. ही एकतर्फी नजर मालकाची असते. उघड्या वाहनात तसं होऊ शकत नाही. आपण जितकं पाहतो तितकेच दिसतो. हमाल आपल्याकडे बघतो, पानवाला चालकाला हाक मारून 'पाव्हणे कुठले?' विचारतो, आपल्याला उत्तर द्यावं लागतं. होळीला नांदेडात निघणाऱ्या हल्लाबोल मिरवणुकीत बघणारे आणि मिरवणारे दोघेही एकाच उन्हात, एकाच धुळीत असतात, म्हणून तिथे कुणी प्रेक्षक उरत नाही. रिक्षातल्या प्रवाशालाही ती समपातळी थोडीफार मिळते. त्याची मान रस्त्यावरच्या माणसाच्या मानेच्या उंचीला असते, ही बारीक गोष्ट आहे, पण वागणं त्यातून बदलतं.

मोठ्या शहरांनी ही सोय गमावली, हेही ध्यानात घ्यायला हवं. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांना 2015 मध्ये उच्च न्यायालयाने मनाई केली, आणि घोड्यांच्या हालांचा विचार करता ते योग्यच झालं. वरून उघडी असलेली जुनी दुमजली बसही 2023 मध्ये थांबली. दक्षिण मुंबईत आता उघड्या वाहनातून शहर पाहायचं तर खास आयोजन करावं लागेल. नांदेड-लातूरला आयोजन नको, हजारो रिक्षा रस्त्यावर आहेतच. आता विजेवरच्या रिक्षा येत आहेत, त्यांचा आवाज कमी, त्यामुळे चालकाचं बोलणं नीट ऐकू येईल.

म्हणून माझी मागणी सरकारकडे जितकी आहे, त्याहून अधिक आपल्याकडे आहे. महापालिकांनी फेऱ्या आणि दर ठरवावेत, शाळांनी सहलीला बाहेरगावी जाण्याआधी एक सकाळ आपल्या शहरासाठी ठेवावी, आणि घरी पाहुणा आला की त्याला मॉल दाखवण्याऐवजी एक रिक्षा स्पेशल करून घाटावर किंवा गोलाईत न्यावं. फ्लॉरेन्सच्या लोकांनी आपलं शहर स्वतःला दिसावं म्हणून रस्ता काढला, जग तिथे नंतर आलं. क्रम हाच असतो. जे गाव स्वतःकडे पाहत नाही, त्याच्याकडे बाहेरून कुणी पाहायला येत नाही, आणि त्याच्या पुरात, दुष्काळात, पडझडीत लक्ष घालायलाही त्याची स्वतःची माणसं उशिरा पोचतात. गाव पाहणं हा म्हणूनच नागरिकाचा धडा आहे, आणि तो शिकवणारं वाहन आपल्या दाराशी हात केला तर थांबतं.