नुसता मजकूर

माझी आजवरची टिपणं, छापून आलेले लेख, अर्धवट सोडलेले लेख आणि मुद्रितशोधनाच्या कामाचे हिशेब हे सगळं मिळून मोबाईलवर काढलेल्या चार-पाच फोटोंएवढी जागा घेतं. अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षराच्या तिप्पट, तरी एवढंच. कारण हे सगळं नुसत्या मजकुराच्या फायलींत आहे. ठळक, तिरपं, रंगीत असं त्यांत काही नाही. अक्षरं, मोकळ्या जागा आणि ओळ संपल्याच्या खुणा, बस्स.

मी कामाला लागले ती साताऱ्यात, एका डीटीपी केंद्रात, नव्वदच्या दशकात. तेव्हा संगणकावरचं मराठी म्हणजे फॉन्ट. फॉन्ट करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी काने, मात्रा, वेलांट्या बसवलेल्या असायच्या, आणि प्रत्येकाची बसवण्याची रीत निराळी. संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतंच. फॉन्ट असला तर पडद्यावर मंगलाष्टक, नसला तर कंस, डॉलर आणि टक्के. गिऱ्हाइकाला मजकुराची फ्लॉपी दिली की फॉन्टचीही द्यावी लागे. पुढे फॉन्ट बंद पडला किंवा नव्या मशीनवर चढेना, की लिहिलेलं शाबूत असून वाचता येत नसे.

गंमत म्हणजे यावरचा उपाय तेव्हाच तयार होता. प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 सालची, आणि देवनागरी तिच्यात होती. 1992 मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत टेबलावरच्या कागदावर केन थॉम्प्सन यांनी यूटीएफ-8चा आराखडा मांडला, रॉब पाइक सोबत होते. आमच्या टेबलापर्यंत तो उपाय पोचायला विंडोज 2000 आणि एक्सपी यावं लागलं. एकदा पोचल्यावर मात्र मराठी अक्षर हे मराठी अक्षर म्हणूनच साठवलं जाऊ लागलं, फॉन्ट कोणताही लावा.

त्यानंतर काही वर्षं मी टिपणांच्या एका देखण्या ॲपच्या नादी लागले. फोनवर लिहावं, संगणकावर दिसावं. मग एक दिवस कंपनीची मेल आली की सेवा बंद होतेय, अमुक तारखेच्या आत आपली टिपणं उतरवून घ्या. उतरवली. मजकूर आला, पण तारखा गेल्या आणि कप्पे मोडले. त्यानंतर माझं लिखाण कुणाच्या दुकानात ठेवायचं नाही, असं ठरवून टाकलं.

मैत्रिणीच्या मुलाने ऑर्ग-मोड दाखवला. ईमॅक्स या फार जुन्या लेखन-प्रणालीत चालणारी ही टिपणांची सोय कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने 2003 मध्ये केली. ओळीच्या सुरुवातीला तारा टाकला की मथळा, दोन टाकले की पोटमथळा. 2004 मध्ये जॉन ग्रुबरने आणलेलं मार्कडाउन तसंच, तिथे मथळ्याला ताऱ्याऐवजी चौकटीची खूण (#). आणि एका रूपातला मजकूर दुसऱ्यात न्यायला पॅनडॉक. त्याचा कर्ता जॉन मॅकफार्लेन हा बर्कलीत तत्त्वज्ञान शिकवतो. ही हत्यारं लिहिणाऱ्या माणसांनी घडवली आहेत हे वापरताना जाणवतं. आधी घाबरवतात, मग आड येत नाहीत.

मराठीत त्यांची खोड दिसते ती निर्यात करताना. लिहिताना सगळं छान, पीडीएफ काढायला गेलं की पंचाईत. पीडीएफ बनते लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीमार्फत, आणि ऑर्ग-मोड सहसा जे जुनं पीडीएफ-लाटेक चालवतो त्याला देवनागरी झेपत नाही, ते चूक दाखवून थांबतं. म्हणून त्याच्या जागी झीलाटेक हे त्याचं भावंड नेमायचं. मग चूक येत नाही, पण मराठीच्या जागी कोरा कागद येतो, कारण मूळच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते. म्हणून मुक्त किंवा शोभिका असा एखादा फॉन्ट नावानिशी सांगायचा. तरीही ‘स्थिती’ची वेलांटी भलतीकडे आणि ‘स’चा पाय मोडलेला दिसला, तर फॉन्टसोबत ‘लिपी देवनागरी’ हे सांगायचं राहिलंय असं समजावं. हे तिन्ही एकदा फाईलच्या डोक्यावर लिहून ठेवलं की पुन्हा बघावं लागत नाही.

वर्डसाठी फाईल काढली तर तिथलं दुखणं वेगळं. फॉन्ट बदलला, आकार वाढवला, इंग्रजी बदललं आणि मराठी ढिम्म. वर्ड आणि लिबरऑफिस दोन्ही देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स’ लिपी मानतात आणि तिचा फॉन्ट व आकार वेगळ्या रकान्यात ठेवतात. तो रकाना शोधून तिथे बदल केला की काम होतं. दिवाळी अंकाच्या घाईत हा रकाना न सापडल्याने वैतागलेले संपादक मी पाहिले आहेत.

मराठीचे प्रत्यय शब्दाला चिकटतात, हे ऑर्गच्या कर्त्याच्या गावीही नसावं. पुस्तकाचं नाव तिरपं करण्यासाठी दोन तिरप्या रेघांमध्ये घातलं आणि त्याला ‘तला’ किंवा ‘मध्ये’ जोडला की ऑर्ग खूण ओळखत नाही, छापील पानावर त्या रेघा तशाच उमटतात. नाव आणि प्रत्यय यांच्यात शून्य रुंदीची मोकळी जागा घालायची, हा अधिकृत उपाय. चालतो, पण शोधाशोध करताना ती न दिसणारी जागा आडवी येते. मार्कडाउनमध्ये तिरप्या अक्षरांसाठी ताऱ्यांची खूण केली तर हा प्रश्नच येत नाही, म्हणून पुस्तकांविषयीचं सगळं मी तिथे लिहिते.

शोधाशोधीचा याहून मोठा घोटाळा माझ्या गावाच्या नावातच आहे. ‘साताऱ्यात’ मधला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी साठवला जातो. एका तऱ्हेत खाली नुक्ता असलेला ऱ, त्याला हलन्त आणि मग य. दुसरीत साधा र, हलन्त, मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका कळफलकावर लिहिलेलं दुसऱ्यावरून शोधायला गेलं की सापडत नाही. मी सगळ्या फायलींमध्ये पहिली तऱ्हा केली आहे, युनिकोडचीही पसंती तिलाच आहे. नवा मजकूर आला की आधी ही अदलाबदल, मग बाकीचं.

आणि पीडीएफला मूळ प्रत समजू नये. तिच्यात अक्षरांची चित्रं असतात आणि त्यांमागचा मजकूर बऱ्याचदा नीट नसतो. मराठी पीडीएफमधून परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवून बघा, वेलांट्या मागेपुढे होतात, जोडाक्षरं फुटतात. पीडीएफ छपाईला द्यावी आणि मजकुराची फाईल जपावी.

तुमच्याकडे जुन्या सीडीवर आजोबांच्या आठवणी, संस्थेचं इतिवृत्त किंवा स्वतःचा पहिला कथासंग्रह जुन्या फॉन्टमध्ये पडून असेल, तर पुढच्या रविवारी तो बाहेर काढा. फॉन्टचं नाव आधी शोधा, कारण युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं फॉन्टगणिक वेगळी आहेत. मजकूर निघाला की यूटीएफ-8 मध्ये जतन करा आणि ‘ऱ्या’ तेवढे तपासा.