एका कानातलं पुस्तक

स्वारगेटच्या एसटी स्टँडवर मी पुस्तक कधी दोन्ही कानांनी ऐकलं नाही. डावा कान पुस्तकाला, उजवा साताऱ्याच्या गाडीला. कंडक्टरची हाळी, फलाटावरची घोषणा, मागे येणाऱ्या गाडीचा आवाज, सगळं उजव्याने टिपायचं. म्हणून वाचनयंत्राची माझी पहिली परीक्षा एकच: गाडी लागली की ते अंगठ्याने झटकन गप्प करता आलं पाहिजे.

वॉकमन त्यात पास व्हायचा. पण सेल उतरले की वाचणाऱ्या बाईंचा आवाज घोगरा होत जायचा, आणि तिसरं प्रकरण हवं तर टेप पुढे-मागे पळवत बसायचं. जाड कादंबरी म्हणजे पिशवीभर कॅसेटी.

पुढे डेझी पुस्तकं आली. अंधांसाठी बोलकी पुस्तकं देणाऱ्या ग्रंथालयांनी 1996 साली एकत्र येऊन ही पद्धत हाती घेतली. तिच्यात आवाजालाच प्रकरण, उपप्रकरण, पान अशा खुणा जोडलेल्या असतात. जपानचा प्लेक्सटॉक पॉकेट आणि कॅनडाचा व्हिक्टर रीडर स्ट्रीम, ही पुस्तकं वाचणारी दोन्ही यंत्रं मी वापरली. दोन्ही खिशात मावतात, एसडी कार्डावर चालतात, सोडलं तिथूनच पुढे वाचतात. प्लेक्सटॉकवर बाणांची बटणं. स्ट्रीमवर जुन्या फोनसारखे आकडे. 2 आणि 8 ने प्रकरण की उपप्रकरण ते ठरवायचं, 4 आणि 6 ने मागे-पुढे जायचं. पान हवं तर आधी ‘गो टू’चं बटण, मग पानाचा आकडा दाबायचा. गर्दीत स्ट्रीम बरा, असं माझं मत.

पण माझ्या कार्डावरची मराठी पुस्तकं बहुतेक स्वयंसेवकांनी प्रेमाने वाचलेली, सलग एमपी3. यंत्र सहा पातळ्यांवर उड्या मारायला तयार, पुस्तकात पायरीच नाही! तिथे महागडा स्ट्रीम आणि साधा एमपी3 प्लेअर यांत मला फारसा फरक उरला नाही.

2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अपंगांना वाचता येईल अशा प्रती करायला मोकळीक मिळाली, 2016 मध्ये अशा पुस्तकांचं सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. आता पुस्तक फोनवरच उतरवता येतं. फक्त त्या गुळगुळीत काचेवर, मागून धक्के बसत असताना, थांबवायची जागा सापडत नाही.

‘कोणता घेऊ?’ असं मुलं विचारतात, तेव्हा मी आधी विचारतो, वाचणार काय? कथा-कादंबऱ्याच असतील तर फोन पुरे. अभ्यासाची, प्रकरण-पानांच्या खुणा जोडलेली पुस्तकं मिळणार असतील, तरच बटणांवर पैसे घालावेत.