न विचारता

आमच्या घरी माझ्या चहात दोन चमचे साखर पडते. किती घालू, असे मला कोणी विचारीत नाही. वीस वर्षांपूर्वी, लग्न नवे असताना, सौभाग्यवतींनी एकदाच विचारले होते आणि मी ऐटीत "दोन चमचे" म्हणून गेलो होतो. पुढे डॉक्टरांनी माझे रक्त तपासले आणि साखरेला हात लावू नका म्हणून बजावले. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून साखर सोडायची हे मला जरा कृतघ्नपणाचे वाटले, म्हणून मी ती गोष्ट घरी सांगितलीच नाही. सहा महिन्यांनी ती उघडकीला आली. "तुम्ही बोलला का नाहीत?" असे सौ. म्हणाली. "तू विचारलेस कधी?" असे मी म्हणालो. त्या सबंध संध्याकाळी आमच्या घरात फक्त रेडिओ बोलत होता.

अशा न विचारता पडणाऱ्या साखरेला संगणकाच्या शास्त्रात डीफॉल्ट व्हॅल्यू म्हणतात, हे मला २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास कळले. मी पडलो मराठीचा प्राध्यापक, त्यामुळे पहिली झटापट शब्दाशी झाली. ‘मूळ मूल्य’, ‘पूर्वनिश्चित मूल्य’, ‘गृहीत मूल्य’ असे तीन शब्द मी कॉलेजच्या कचेरीत मांडले. भाऊसाहेब, म्हणजे आमचे वडीलधारे कारकून, शांतपणे म्हणाले, "सर, आमच्या गावात डिफॉल्ट एकच. सोसायटीचं कर्ज थकवतो तो." मी हसलो खरा, पण कोश उघडल्यावर दिसले की भाऊसाहेबांचे चुकलेले नाही. जे करायला हवे होते ते न करणे, हाच त्या शब्दाचा जुना अर्थ आहे.

प्रसंग असा होता. अहमद निजामशहाच्या नावाने ओळखला जाणारा आमचा जिल्हा २०२४ साली अहिल्यानगर झाला. अहिल्याबाई आमच्या जामखेड तालुक्यातल्या चोंडीच्या. नावाबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. माझ्यापुढचा प्रश्न अगदी लहान होता. प्रवेश समितीचे काम माझ्याकडे, आणि विद्यार्थ्यांच्या नोंदीचा तक्ता कचेरीतल्या संगणकावर ॲक्सेस नावाच्या जुन्या प्रणालीत. नवा विद्यार्थी नोंदवायला घेतला की जिल्ह्याच्या चौकटीत ‘अहमदनगर’ आपोआप उमटे. तिथे आता नवे नाव उमटायला हवे होते.

मदतीला एक माजी विद्यार्थी धावून आला. मराठीत जेमतेम पास झालेला हा मुलगा पुण्याला संगणकावर पोट भरतो. तक्ते एकंदर अकरा होते. प्रत्येक उघडून बदल करण्यापेक्षा चार ओळींचा कोड लिहू, म्हणाला. त्या ओळी साऱ्या तक्त्यांतून फिरतात आणि जिथे ‘जिल्हा’ नावाची चौकट भेटेल तिथे तिचे गृहीत मूल्य बदलतात. फक्त तेवढ्या वेळात कोणी तक्ता उघडून बसलेले चालत नाही, म्हणून भाऊसाहेबांना सक्तीने चहाला पाठवावे लागले.

पहिल्या खेपेला फजिती झाली. कोड लिहायच्या खिडकीत देवनागरी अक्षरे टाइप केली की नुसत्या प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. तीस वर्षे ज्या लिपीवर जगलो तिची ही संभावना! शेवटी नाव एका वेगळ्या चौकटीत लिहिले आणि कोडने ते तिथून उचलावे अशी तोड काढली. मग अवतरणचिन्हांचे प्रकरण निघाले. गृहीत शब्द अवतरणचिन्हात नसेल तर यंत्र त्याला शब्द समजत नाही, कशाचे तरी नाव समजते आणि ते शोधीत बसते. आणि कोडमध्ये एक अवतरणचिन्ह उमटवायचे तर ओळीने चार लिहावी लागतात. परीक्षेत एक अवतरणचिन्ह विसरल्याबद्दल या मुलाचा मी अर्धा गुण कापला होता. तो ते विसरलेला नव्हता.

काम झाले. नवीन ओळीत ‘अहिल्यानगर’ उमटले, जुन्या ओळींत ‘अहमदनगर’ तसेच राहिले. गृहीत मूल्य पुढच्यांना लागू होते, मागच्यांच्या वाटेला जात नाही. मुलगा पुण्याला गेला, पण माझे हात शिवशिवू लागले.

भाऊसाहेबांचे कष्ट वाचवावेत म्हणून मी त्याच ओळींत शब्द बदलून आणखी चौकटी भरल्या. मातृभाषा: मराठी. पालकांचा व्यवसाय: शेती. आणि एक चौकट होती, ‘वडील हयात आहेत का?’ ती होय-नाहीच्या जातीची होती. ॲक्सेसमधली ही जात मोठी विलक्षण. तिला रिकामे राहणे ठाऊकच नाही. खूण केली तर होय, न केली तर नाही. ‘अजून विचारले नाही’ असे तिसरे घर तिच्यात नाही. म्हणजे भाऊसाहेब एखादे वेळी खूण करायला विसरले की एका जिवंत माणसाला यंत्र मारून मोकळे होई. मला ते अभद्र वाटले. मी गृहीत मूल्य ‘होय’ केले आणि एका ओळीत सगळ्यांच्या वडिलांना उदंड आयुष्य दिले. (यंत्राच्या पोटात हा ‘होय’ उणे एक म्हणून साठवला जातो, हे मला मागाहून कळले.)

२०२५ च्या जूनमधले प्रवेश झपाट्याने झाले. भाऊसाहेबांनी मला दुवा दिला.

ऑगस्टमध्ये विद्यार्थी साहाय्य निधीची यादी निघाली. वडील नसलेल्या मुलामुलींना त्यातून पुस्तके आणि खाणावळीचे पैसे मिळतात. यादी तक्त्यावरून निघते. दरवर्षीपेक्षा ती आखूड होती. मी सही केली. कमी मुलांचे वडील गेलेत याचे मला बरेच वाटले.

सप्टेंबरात पाथर्डी तालुक्यातून एक बाई आल्या, बरोबर आमची पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. मुलगी खाली मान घालून उभी होती. बाई म्हणाल्या, "सर, हिचं नाव काहून गळालं? दसरा झाला की मी कारखान्यावर जाईन, मग विचारायला कोन येनार?" मी पडद्यावर तिची ओळ काढली. व्यवसाय: शेती. वडील हयात: होय.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. या बाई चार हंगाम अर्धा कोयता म्हणून जात होत्या. शेती त्यांना नव्हती.

"तू सांगितले नाहीस का?" मी मुलीला विचारले. ती म्हणाली, "सर, कुणी विचारलंच नाही."

मी रजिस्टर चाळल्यासारखे केले. आमच्या घरातले साखरेचे भांडण मला त्या वेळी अगदी शब्दशः आठवले.

तिचे नाव त्याच दिवशी यादीत घातले. पण रात्री दुसरीच गोष्ट मनात आली आणि झोप उडाली. तक्त्यात शेकडो ‘होय’ होते. त्यांतले कुठले मुलांनी सांगितलेले आणि कुठले माझ्या ओळीने टाकलेले? पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, ते आता यंत्रालाही सांगता येणार नाही. दोन्ही सारखेच दिसतात."

आपल्या मराठीला ही अडचण पूर्वीच उमगली असावी. दारावर थाप पडली की आपण आतून "कोण आलंय?" म्हणतो. बाप्या आहे की बाई, ठाऊक नाही, तोवर नपुंसकलिंग. दार उघडेपर्यंत ती जागा भाषा मोकळी ठेवते. वर्गात हे व्याकरण मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो होतो.

आता ती चौकट मजकुराच्या जातीची केली आहे. तिच्यात गृहीत काही नाही, आणि ती भरल्याशिवाय ओळ जतन होत नाही. भाऊसाहेब कुरकुरतात, वेळ लागतो म्हणतात. खरेच लागतो. जुन्या ‘होय’साठी मी सगळ्या वर्गांतून हिंडलो. चारचौघांत विचारायची ही गोष्ट नव्हे, म्हणून एकेकाला व्हरांड्यात बोलावले. निधीच्या यादीत आणखी सात नावे आली. एक मुलगा बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "हयात आहेत की नाहीत ते माहीत नाही, सर. मी चौथीत असताना निघून गेलेत."

मी ते जसेच्या तसे लिहून घेतले. चौकटीत मावले.